मशीन आलं तर

आमचे सर कुणालाही 'गुड मॉर्निंग' म्हणत नसत. कुणी त्यांना म्हटलं तर ते थांबत, चष्मा नाकावर थोडा खाली घेत आणि विचारत, "यात क्रियापद कुठंय?" समोरचा माणूस गोंधळून बघत राही. मग सर सांगत, "क्रियापद नाही म्हणजे वाक्य नाही. वाक्य नाही म्हणजे तुम्ही मला अजून काहीच सांगितलेलं नाही." साकीनाक्याच्या आमच्या कारखान्यात त्यांनी हे पहिल्यांदा ज्याला ऐकवलं तो आमचा मॅनेजर होता, आणि तो सरांच्या नोकरीचा पहिला दिवस होता.

सरांचं नाव मी लिहीत नाही. त्यांच्या घरचे लोक अजून घाटकोपरला राहतात, माझ्याशी बोलतात, आणि हे असंच चालू राहावं अशी माझी इच्छा आहे.

मी तेव्हा त्या कारखान्यात टायपिस्ट होते. मिक्सरच्या मोटारी बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत जपान्यांशी भागीदारी करायची टूमच निघाली होती. आमच्या मालकांनीही केली, आणि त्या भागीदारीतून दोन इंजिनियर आमच्याकडे येऊन दाखल झाले. एक ओगावासान, पन्नाशीचे, गंभीर, बोलण्याआधी इतका विचार करणारे की ऐकणारा मधेच चहा पिऊन येई. दुसरा हाराडासान, पंचविशीचा, सतत हसतमुख. नावापुढे 'सान' लावलं की तिकडे ते आपल्या 'साहेबां'सारखं होतं म्हणे. आमचे लोक सुरक्षित बाजूला राहावं म्हणून दोन्ही लावायचे. ओगावासानसाहेब.

दोघांना इंग्रजी जेमतेम यायचं, म्हणून मॅनेजरने शिक्षक शोधला. घाटकोपर पश्चिमेला पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर सरांचा इंग्रजीचा क्लास होता. नापास झालेली मुलं तिथे येत आणि पास होऊन नाही तरी पांढरी होऊन घरी जात, कारण गिरणीचं पीठ फटींतून वर यायचं. सरांच्या भुवयांवरही ते कायम असायचं. लोकांना वाटे, माणूस वयापेक्षा लवकर पिकला.

मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "तू क्लासात बसायचं. मास्तर काय शिकवतात ते मला कळलं पाहिजे."

मास्तर काय शिकवतात हे मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं, आणि पुढे कित्येक महिने त्यात भर पडली नाही.

सरांनी फळ्यावर चाळीतली खोली काढली. मधे एक रेघ मारून खोलीचे दोन भाग केले. डावीकडे लिहिलं 'इफ', उजवीकडे 'विल'. मग ते माझ्याकडे वळले. "यांना सांग, ही दोघं सासू-सुना आहेत. एका घरात राहतात, पण एका खोलीत ठेवायच्या नाहीत. इफच्या खोलीत विल आली की भांडण. मधे हा स्वल्पविराम आहे ना, तो पडदा."

मला जपानी येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हतं. मी आपलं माझ्या इंग्रजीत काहीतरी सांगितलं. ओगावासाननी वहीत खोली काढून घेतली, पडद्यासकट.

"इफ इट रेन्स, आय विल टेक अॅन अम्ब्रेला," सर म्हणाले. "पाऊस उद्याचा आहे, तरी इफच्या पुढे रेन्स. विल रेन नाही, रेन्ड नाही. साधं, आत्ताचं रेन्स. पुढे पडद्यापलीकडे विल. झालं. कारखान्याला लागणारं इंग्रजी संपलं."

मला वाटलं, ते गंमत करतायत. ते गंमत करत नव्हते. त्यांचं म्हणणं असं की काल काय झालं ते फाइलीत असतं, आत्ता काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. माणसाला माणसाने तोंडाने सांगावं असं जगात एकच उरतं, ते म्हणजे हे केलंस तर काय होईल. "आई मुलाला काय सांगते? पडशील. कधी? चढलास तर. डॉक्टर काय सांगतो, पोलीस काय सांगतो? सगळं हेच. बाकी व्याकरण श्रीमंतांसाठी आहे."

त्यामुळे आमच्या इंजिनियरांना बरेच दिवस फक्त याच साच्यातलं बोलता येत असे. हाराडा चहावाल्याला सांगे, "इफ यू ब्रिंग टी, आय विल ड्रिंक." चहावाला म्हणे, "नाहीतर काय डोक्यावर ओतणार?" ओगावासानना मॅनेजरशी सकाळी दोन शब्द बोलावेत असं फार वाटे, म्हणून त्यांनी एकदा सरांना विचारलं की मॅनेजर भेटल्यावर काय म्हणायचं. सरांनी उत्तर दिलं, "इफ यू सी द मॅनेजर, यू विल नॉड." दुसऱ्या दिवसापासून ओगावासान मॅनेजरला पाहून कमरेत वाकू लागले आणि तोंडातून शब्द काढेनासे झाले. मॅनेजरला वाटलं, यांना आपला राग आला.

कारखान्याच्या फाटकावर एक जुनी इंग्रजी पाटी होती, आत घुसणाऱ्यावर खटला भरला जाईल अशा अर्थाची. सर रोज तिच्यासमोर उभे राहत आणि त्रास झाल्यासारखं तोंड करत. एक दिवस मला म्हणाले, "यात 'तर' नाही. माणसाने अजून काही केलंही नाही आणि हे त्याला आरोपी म्हणून मोकळे." त्यांनी नवीन मजकूर माझ्याकडून टाइप करून घेतला आणि पाटीवर चिकटवला. त्याचा अर्थ होता, तुम्ही आत आलात तर वॉचमन का आलात म्हणून विचारेल. वॉचमनला हे फार आवडलं. तो येणाऱ्या प्रत्येकाला खरंच विचारू लागला, मालकांनाही, आणि मग ती पाटी काढावी लागली.

सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या. खणखणीत आवाजाच्या आणि कमी शब्दांच्या. सरांच्या याआधी तीन शाळांतल्या नोकऱ्या गेल्या होत्या. का गेल्या, असं मी काकूंना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "वर्षभर एकच धडा शिकवला की हेडमास्तर दुसऱ्या वर्षी घरीच पाठवतो ना गं."

एक दिवस हाराडाने फळ्यावर वाक्य लिहिलं. त्याचा अर्थ उद्या पाऊस पडला तर मी छत्री घेईन असा, पण इंग्रजीत त्याने 'रेन्स'च्या जागी 'रेन्ड' लिहिलं होतं. सर ते बघून फळ्याजवळ गेले.

"हे तुला कुणी शिकवलं?"

हाराडा घाबरला. म्हणाला, कुणीच नाही.

"मग ही चूक तुझ्याकडे कशी आली? ही तर माझ्या माळ्यावरच्या मुलांची चूक आहे. पाऊस उद्याचा, पण ती लिहितात रेन्ड. कारण मराठीत आपण म्हणतो, पडला तर. पाऊस अजून पडायचाय आणि आपण म्हणतो पडला. तुझं काय कारण?"

मी हे इंग्रजीत समजावलं. हाराडाने थोडा विचार केला आणि खडूने जपानी लिहून वाचून दाखवलं. "अमे गा फुत्तारा."

"अमे?"

पाऊस.

"फुत्ता म्हणजे?"

हाराडाने बोटांनी पाऊस पाडून दाखवला आणि मग हात मागे, खांद्यावरून टाकला. झालेला. पडून गेलेला.

"पडला," सर म्हणाले. "आणि त्याला रा लावला. फुत्तारा. पडला तर." ते कधीही न वापरलेल्या खुर्चीवर बसले. "तारा. तर. फुत्-तारा. पडला-तर." मग माझ्याकडे बघून हळू म्हणाले, "अगं, हे आपल्यातलेच आहेत."

त्यानंतर आठवडाभर त्यांनी हे भेटेल त्याला सांगितलं. भाजीवालीला सांगितलं, गिरणीवाल्याला सांगितलं, रिक्षावाल्याला रिक्षात न बसता सांगितलं. काकूंना सांगितलं तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या. "एवढे नात्यातले असतील तर गणपतीला बोलवा," त्या म्हणाल्या.

सरांनी खरंच बोलावलं. दोघं नवे कोरे पायजमे-कुर्ते घालून आले. मलाही बोलावणं होतं. ओगावासाननी गणपतीसमोर गुडघे टेकून इतका वेळ डोकं जमिनीला लावलं की शेजारची माणसं त्यांना बघायला आली. जेवणं झाली आणि हाराडा काकूंचा निरोप घेत म्हणाला, "इफ आय गो होम, आय विल टेक बाथ."

काकूंना कामापुरतं इंग्रजी यायचं. त्यांनी सरांना बाजूला घेतलं. "पोराला घरी पोचण्याचीच शंका आहे. वाट माहीत नाही का त्याला?"

सर म्हणाले, "वाक्य बरोबर आहे."

"वाक्य बरोबर असू दे हो. तुम्ही सोडून या."

त्याला वाटबिट व्यवस्थित माहीत होती. गोम वेगळीच होती. जपानीत तो एकच 'तारा' दोन्हीकडे चालतो. घरी गेलो तर आणि घरी गेल्यावर, दोन्हीला तोच. आपल्याकडे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इंग्रजीतही आहेत. हाराडाला 'घरी गेल्यावर' म्हणायचं होतं. पण सरांनी 'व्हेन' शिकवलाच नव्हता. मी तसं त्यांना दुसऱ्या दिवशी म्हटलंही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी हे पक्कं होऊ दे."

ते पक्कं झालं त्याची ही हकिगत.

कारखान्यातल्या वाइंडिंग खात्यात तांब्याची तार हाताने गुंडाळायचं काम चाले. तिथली बरीचशी माणसं कोकणातली, आणि त्यांतली काही बंद पडलेल्या कापड गिरण्यांतून आलेली. तावडे त्यांचा पुढारी. त्याचा भाऊ परळच्या एका गिरणीत होता. गिरणीला टाळं लागलं तसा तो घरी बसला तो बसलाच. तावडे एरवी आमच्यासारखं मुंबईचं मराठी बोलायचा, पण चिडला की मालवणीत जायचा, त्यामुळे त्याचा पारा किती चढलाय ते लांबूनही समजे. जपानहून आपोआप तार गुंडाळणारं मशीन येणार अशी बातमी होती, आणि खात्यात सगळे एकमेकांकडे बघून काम करत होते.

मॅनेजरने ठरवलं की ओगावासाननी माणसांशी दोन शब्द बोलावे. परदेशी माणूस बोलला की लोक शांत होतात, असं त्याचं मत होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना शेडमध्ये जमवलं. मी भाषांतराला पुढे उभी. सर मागे भिंतीला टेकून, हात बांधून.

ओगावासान लाकडी खोक्यावर चढले. वाकून नमस्कार केला. मग एकेक शब्द नीट मांडत म्हणाले, "इफ न्यू मशीन कम्स, यू विल गो होम."

आणि थांबले. त्यांना आणखी एक शब्द हवा होता आणि तो आठवत नव्हता. ते वर पत्र्याकडे बघून तो शोधत राहिले.

भाषांतराची गरज पडली नाही. 'होम' आणि 'गो' एवढं सगळ्यांना कळत होतं. कुणाच्या तरी हातातून डब्याचं झाकण खाली पडलं.

तेवढ्यात मागून टाळ्यांचा आवाज आला. सर टाळ्या वाजवत होते. डोळे भरून आले होते त्यांचे. इफच्या खोलीत कम्स, पडदा, पलीकडे विल; एक चूक नाही. ज्या माणसाला चार महिन्यांपूर्वी पाणी मागता येत नव्हतं, त्याने शंभर माणसांसमोर हे वाक्य म्हटलं होतं.

तावडे वळला. त्याने सरांकडे पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, टाळ्यो कसल्यो वाजवतास? आमका घराक धाडतत म्हणून?"

पाच मिनिटांत शेड रिकामी झाली. सगळे फाटकाबाहेर जाऊन बसले, आणि दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत आत.

ओगावासानना हवा असलेला शब्द होता 'अर्ली'. नवीन मशीन आल्यावर जादा वेळ थांबावं लागणार नाही, तुम्ही लवकर घरी जाल, असं त्यांना म्हणायचं होतं. तो शब्द त्यांना शेड रिकामी झाल्यावर आठवला. त्यांनी तो मला सांगितला, मी धावत फाटकावर जाऊन सांगितला, पण तोपर्यंत कोण ऐकतंय. तावडे म्हणाला, "मॅडम, आता तुम्ही शब्द लावा नाहीतर काढा. टाळ्या आम्ही ऐकल्यात."

मॅनेजरने सरांना केबिनमध्ये बोलावलं. "काय शिकवलंत तुम्ही या माणसाला?"

"वाक्यात चूक दाखवा," सर म्हणाले.

"कारखाना बंद पडलाय, मास्तर."

"ते दिसतंय. मी वाक्याबद्दल विचारतोय."

हे बोलले खरे, पण केबिनमधून बाहेर आल्यावर ते माझ्या टेबलापाशी उभे राहिले आणि तेच वाक्य कागदावर लिहून पुन्हा तपासत राहिले. ओगावासानचं तर फारच वाईट चाललं होतं. ते डबा उघडत नव्हते. हाराडाने मला सांगितलं की ते परत जायची परवानगी मागणार आहेत. म्हणतात, माझ्या तोंडामुळे एवढी माणसं रस्त्यावर बसली.

दुसऱ्या दिवशी सर आले ते ठरवूनच आले होते. घरी काय झालं ते त्यांनी जिना चढता चढता मला सांगितलं. काकू म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे पेशंटला घरी जा म्हटलं की तो खूश होतो. कामगाराला म्हटलं तर त्याची चूल बंद होते. तुम्ही वाक्य तपासलंत. माणसं कोण आहेत ते बघितलंत का?"

"बघितलं नव्हतं," सर मला म्हणाले. "चल. ओगावासानना घे."

मॅनेजर नको म्हणत होता. म्हणत होता, आणखी एक वाक्य बोलले तर दगड पडतील. सरांनी ओगावासानचा हात धरला आणि त्यांना फाटकाबाहेर नेलं. मी आणि हाराडा मागे. ऊन चढलं होतं. माणसं फूटपाथवर वर्तमानपत्रं अंथरून बसली होती. कुणी उठलं नाही.

सर म्हणाले, "तावडे, कालच्या टाळ्यांची माफी मागतो. मी व्याकरणाला वाजवल्या."

"म्हणजे कोणाला?" मागून एकाने विचारलं.

"ते जाऊ दे. यांना काय विचारायचं ते तू विचार. मी तुझं इंग्रजी करून यांना सांगतो, आणि यांचं मराठी करून तुला. कमी नाही, जास्त नाही. फक्त 'तर' लावून विचार."

"माका शाळा नको, मास्तर. काय ता सरळ सांगा."

"हेच सरळ आहे. विचारून तर बघ."

तावडेने आजूबाजूला पाहिलं. "बरं. मशीन आलं तर किती माणसं घरी जाणार?"

सरांनी इंग्रजी केलं. ओगावासाननी विचार केला आणि गंभीरपणे सांगितलं, "ऑल."

माणसं उठायला लागली. सरांनी हात वर केला आणि घाईने विचारलं, "अॅट व्हॉट टाइम?"

"फाइव्ह ओक्लॉक."

"आणि दुसऱ्या दिवशी सकाळी?"

ओगावासानना हा प्रश्न विचित्र वाटला असावा. "दे विल कम," ते म्हणाले. "इट इज अ फॅक्टरी."

कुणीतरी हसलं. मग दोघं-तिघं हसले. तावडे हसला नाही. "सगळे येणार? सकाळी आले तर सगळ्यांना काम असणार?"

सरांनी विचारलं. आता ओगावासान मागे वळले. हाराडाशी जपानीत बोलले. मागे, कारखान्याच्या वरच्या खिडकीत, मॅनेजर उभा राहून सरांना हाताने खुणा करत होता. हो म्हणा, हो म्हणा, अशा. सरांना त्या दिसत होत्या, कारण मला दिसत होत्या.

"मशीन नीड्स फोर मेन," ओगावासान म्हणाले. "अदर मेन, आय डोन्ट नो. आय एम नॉट मॅनेजर."

सरांनी चष्मा खाली घेतला. मला वाटलं, आता ते काहीतरी गोड करून सांगतील. मी असते तर सांगितलं असतं.

"मशीनला चार माणसं लागतात," ते म्हणाले. "बाकीच्यांचं काय होईल ते यांना माहीत नाही. ते ठरवणारे हे नाहीत."

तावडे थोडा सरकला. मग त्याने आपल्या शेजारचा कागद हाताने साफ केला आणि त्यांना बसायला जागा दिली. ओगावासान इस्त्रीची पँट सांभाळत फूटपाथवर बसले.

"माहीत नाही असं सांगणारा हा पहिलाच," तावडे म्हणाला. "आता ज्याला माहीत आहे त्याला खाली बोलवा."

मॅनेजर खाली आला. म्हणाला, नवीन मशीन आल्यास उर्वरित कामगारांच्या प्रश्नाचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल.

"पुढे?" सरांनी विचारलं.

"पुढे काय?"

"हे अर्धं वाक्य झालं. मशीन आलं तर, इथपर्यंत तुम्ही आलात. विचार तर तुम्ही आत्ताही करू शकता, त्याला मशीन कशाला पाहिजे? मशीन आलं तर बाकीची माणसं काय करतील?"

"मास्तर, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?"

"वाक्य पूर्ण करा," सर म्हणाले, अगदी माळ्यावरच्या मुलाला सांगावं तसं.

मागून आवाज आला, "पुढचं सांगा, साहेब." मग दुसऱ्याने तेच म्हटलं. थोड्या वेळाने पन्नास माणसं मॅनेजरला वाक्य पूर्ण करायला सांगत होती, आणि रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून हे कसलं आंदोलन म्हणून बघत होती.

उत्तर शेवटी ओगावासानकडून आलं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर आकडेमोड केली. मशीनने जास्त मोटारी बनवल्या, तर त्या तपासायला आणि जोडायला जास्त हात लागतील. ती माणसं शिकायला तयार असतील, तर मी शिकवीन. हे दोन्ही त्यांनी इफ आणि विलमध्ये सांगितलं, पडदा जागच्या जागी ठेवून. सरांनी ते मराठीत सांगितलं. मॅनेजरने मालकांना फोन केला, परत आला, आणि तेच पुन्हा आपल्या तोंडाने म्हणाला, कारण तावडेने त्याला म्हणायला लावलं.

ते तिथेच लिहून हवं होतं. माझा टाइपरायटर दोघांनी उचलून वॉचमनच्या चौकीत आणला. मॅनेजर सांगत होता, मी टाइप करत होते, सर माझ्या खांद्यामागे उभे होते. मॅनेजर एके ठिकाणी 'विल'च्या ऐवजी 'मे' म्हणाला.

"मे नाही," सर म्हणाले. "विल."

"कायद्याच्या भाषेत असंच लिहितात."

"मग ती भाषा मी शिकवत नाही. विल."

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी विल टाइप केलं.

मशीन दिवाळीनंतर आलं. ओगावासाननी शब्द पाळला; रोज दुपारी तपासणीच्या बाकाशी उभे राहून ते एकेकाला शिकवत. तावडेचा हात सुरुवातीला बसत नव्हता, तो वैतागून मालवणीत बोले, ओगावासान जपानीत उत्तर देत, आणि दोघांचं चांगलं चाले. वाइंडिंगमधला एकही माणूस कमी झाला नाही. शेवटचा माणूस नव्या बाकावर बसला त्याच आठवड्यात मॅनेजरने सरांना बोलावून सांगितलं की इंजिनियरांचं इंग्रजी आता पुरेसं झालंय, क्लासची गरज नाही. ओगावासान वर जाऊन बोलले, पण त्यांच्या हातात ते नव्हतं.

सर माझ्या टेबलापाशी आले. "आज जरा माझ्याबरोबर घरी चल," ते म्हणाले. "परक्या माणसासमोर तुझी काकू कमी बोलते."

आम्ही घाटकोपरला उतरलो. सर नेहमीपेक्षा हळू चालत होते. वाटेत त्यांनी मेथी घेतली. मग कोथिंबीर घेतली. मग लिंबं बघत उभे राहिले. मी म्हटलं, "सर, चला आता." तेव्हा निघाले.

काकू नुकत्याच ड्यूटीवरून आल्या होत्या, अंगावर अजून पांढरी साडी. त्यांनी आधी सरांच्या हातातल्या भाजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नोकरी गेली?" त्यांनी विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"न सांगता भाजी आणलीत. तिन्ही शाळांच्या वेळी आणली होतीत."

सर दारातच उभे राहिले, पिशवी धरून. काकूंनी पिशवी घेतली, आत नेऊन ठेवली, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात परत आल्या.

"ती मशीनवाली माणसं? सगळी राहिली?"

"राहिली."

"लिहून दिलंय तसं?"

"तसं."

काकूंनी एकदा मान हलवली. "मग हातपाय धुवा," त्या म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "तूही धू गं. बोंबील केलेत. गरम आहेत तोवर बसा दोघं."

सर मोरीकडे गेले. पाणी अंगावर घेत बराच वेळ तिथेच रेंगाळले. बाहेर आले तेव्हा भुवयांवरचं पीठ धुऊन गेलं होतं, आणि भुवया चांगल्या काळ्याभोर होत्या.